आईची पेटी तिला विचारूनच उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की भंगारवाल्यांच्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागतात. त्यात मराठवाड्यात गावोगावी माळवदाची घरे पाडून स्लॅबची घरे उठत आहेत. मुलगा पुण्याहून दोन दिवसांच्या सुट्टीवर येतो आणि आईच्या उभ्या संसाराचा निकाल रविवारच्या संध्याकाळपर्यंत लावायला बसतो. घंगाळ आणि हंडे मोडीत जातात, जाते-उखळ उकिरड्यावर, वाकळा जाळायला. आई गप्प असते, म्हणून सगळे समजतात की तिची हरकत नाही. हा समज फार महागात पडतो.

वस्तू आपली झाली की मनातली तिची किंमत वाढते, हे मोजून पाहिलेले आहे. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. मग मिळालेल्यांनी तो विकायला जी किंमत मागितली, ती न मिळालेल्यांच्या देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तो मग त्यांच्याकडे येऊन काही मिनिटेच झाली होती. चाळीस वर्षे रोज घासलेल्या हंड्याचे काय होत असेल?

त्यात आपल्याकडे आणखी एक पदर आहे. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, घरही त्यांच्याच नावावर. अनेक म्हाताऱ्या बायांचे नाव ज्यावर कोरलेले आहे अशी मालमत्ता म्हणजे लग्नात मामाने, भावाने नाव घालून दिलेली भांडी. ती मोडीत घालताना ‘पितळ किलोला इतके आले’ असा हिशेब तिच्यासमोर मांडणे क्रूर आहे. हा श्रीमंतांचा चोचला नव्हे. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर निघणारे ऊसतोड कुटुंबही सोबत मोजकेच सामान नेते आणि पत्र्याची पेटी म्हाताऱ्या आईच्या हवाली करून जाते.

आवरायचे तर असतेच. मग ते असे करावे. सुरुवात आठवण नसलेल्या वस्तूंपासून: मुदत संपलेली औषधे, फुटके डबे, जुन्या वायरी. कपडे, पत्रे, फोटो आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू सर्वांत शेवटी. पहिल्याच दिवशी फोटोंची पिशवी उघडली की काम तिथेच अडते. बसायचे सकाळी, एका वेळी एकच फडताळ, तासाभराहून जास्त नाही. निर्णय घेऊन मन थकले की माणूस एक तर सगळेच ठेवतो, नाही तर सगळेच देऊन मागाहून झुरतो. ‘हे लागतं का?’ असे विचारू नका, उत्तर ठरलेले असते. ‘हे कुणी दिलं?’ असे विचारा आणि मोबाईलवर बोलणे रेकॉर्ड करा. वस्तू तिच्या हातात देऊन फोटो काढा. फोटो काढून ठेवला की आठवणीची वस्तू द्यायला मन लवकर तयार होते, असे अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. मात्र फोटो निघाला की लगेच वस्तू उचलून नेऊ नका.

जे ठरत नाही ते एका खोक्यात घाला, वर तारीख लिहा आणि सहा महिने हात लावू नका. वाकळ मात्र धुऊन ठेवायची घाई नको. तिच्यात आईच्या लुगड्याचा वास असतो, आणि वासाची वाट मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेली आहे. द्यायची वस्तू शक्यतो ओळखीच्या हाती द्यावी. हंडा भाचीकडे गेला तर सुटका सोपी होते; भंगारात गेला तर ती टोचणी राहते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे आई तुळजापूरला गेलेली असताना घर साफ करणे. परत आल्यावर ती काही बोलणार नाही कदाचित, पण त्यानंतर वस्तू लपवू लागेल, रिकाम्या पिशव्याही सोडणार नाही. विश्वास गेला की पकड घट्ट होते.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला शहरात नेताना तर त्याचा तांब्या, पांघरूण, देवघरातली मूर्ती आधी पोचवावी आणि पलंगाजवळ पूर्वीच्याच बाजूला ठेवावी. ओळखीचे काही दिसले नाही तर संध्याकाळी घाबरणे आणि ‘घरी चला’चा हट्ट वाढू शकतो.

साठवणीचा आजार वेगळा. चुलीपाशी स्वयंपाक करता येत नाही, अंथरूण टाकायला जागा नाही, निरुपयोगी वस्तू काढतानाही जीव कासावीस होतो, अशी स्थिती असेल तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचारात त्याची स्वतंत्र नोंद आहे. जबरदस्तीने ट्रॉली भरून नेली तर घर बहुधा पुन्हा भरते. उतारवयात हे अचानक सुरू झाले तर मेंदूची तपासणीही हवी. जिल्हा रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाला दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि नवे घर बांधणाऱ्यांना एक विनंती. पाया खणण्याआधीच नकाशात आईच्या खोलीला भिंतीतले एक खोल फडताळ दाखवून घ्या, आणि त्यात काय राहील हे तिलाच ठरवू द्या.

आपले,
ज्येष्ठांसाठी काम करणारे दोन समुपदेशक, लातूर