हलशीला पण गाईड पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार. मुलाकडं जपानला जाऊन आलो, क्योटोत एका रिटायर्ड बाईंनी फुकट गाईड म्हणून कियोमिझुदेरा हे बौद्ध मंदिर दाखवलं, 1633 ची इमारत, 13 मीटर उंच लाकडी सज्जा आणि खांब जोडायला एक खिळा नाही, बाईंनी सांगितलं नसतं तर आम्ही नुसते फोटो काढून परत आलो असतो की. फुशिमी इनारीच्या देवळात जाताना आधी डावा हात मग उजवा कसा धुवायचा तेपण शिकवलं. आणि आपल्याकडं? खानापूर तालुक्यातल्या हलशीचं कदंब राजांचं भूवराह नरसिंह मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातली 1204 ची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, पाहुण्यांना घेऊन गेलो तर सांगणारं कोणीच नाही, फार वाईट वाटलं. मराठी कन्नड दोन्ही येणारे रिटायर्ड मास्तर गावोगाव आहेत, त्यांना ओळखपत्र द्या, रविवारी मी स्वतः यायला तयार आहे.

– एक वाचक, खानापूर