गोळी का चुकते हे ऐकून घेणारी माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार, हृदयविकार. आमच्या रुग्णसाहाय्य मंडळाकडे येणारे बहुतेक जण याच आजारांचे. त्यांचं निदान झालेलं असतं, चिठ्ठीवर औषध लिहिलेलं असतं. घोडं अडतं ते त्यानंतर, घरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 सालच्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा जुनाट आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण ठरल्याप्रमाणे उपचार घेतात. गरीब देशांत त्याहूनही कमी.

गोळी चुकली की घरच्यांचा, आणि स्पष्टच बोलायचं तर काही डॉक्टरांचाही, उपाय ठरलेला असतो: रागावणं. रागावलेला माणूस पुढच्या वेळी सरळ सांगतो, "घेतो की रोज." रक्तदाब उतरत नाही म्हणून मग डोस वाढवला जातो, आणि पुढे कधीतरी तो खरोखरच सगळ्या गोळ्या घ्यायला लागला की रक्तदाब फार खाली जाऊन चक्कर येते. यानंतर गोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला, तर दोष कुणाला द्यायचा?

शांतपणे विचारलं तर कारणं कळतात आणि ती बहुधा साधी असतात. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी नकोशी वाटते. रक्तदाबाच्या एसीई गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तो गोळीमुळे आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीने पोट बिघडतं. दम लागत नाही म्हणून दम्याचा रोजचा पंप बाजूला पडतो, आणि काही दिवस काहीच होत नाही, त्यामुळे आपलं बरोबरच होतं असं वाटू लागतं. रक्तदाबाचंही तेच, दुखत काहीच नाही. काहींना दिवसातून चार वेळा वेगवेगळी औषधं घ्यायची असतात आणि चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत नाही. यातलं बरंचसं डॉक्टरांच्या कानावर घातलं तर सुटतं: गोळी बदलता येते, सावकाश विरघळणारा प्रकार देता येतो, कधी दोन औषधं मिळून एकच गोळीही मिळते. पण अपस्माराची औषधं, बीटा ब्लॉकर (हृदयविकार-रक्तदाबावरच्या गोळ्यांचा एक गट) किंवा बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडं कुणाला न विचारता एकदम बंद करणं धोक्याचं असतं. म्हणून वेळेत विचारणारं कुणीतरी हवं.

मन खचलेलं असलं की हे सगळं आणखी अवघड होतं. 2000 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात नैराश्य असलेल्या रुग्णांमध्ये उपचार न पाळण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली होती. अशा माणसाला डबीवर वार लिहून देऊन काय होणार? त्याच्याशी बोलावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजण्याची 26 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात झोप, उत्साह, मित्रांचा आधार, गरजेपुरता पैसा याबद्दलही विचारलं जातं. साखरेचा आकडा पाहून रुग्णाची वही मिटणाऱ्यांनी ती एकदा जरूर वाचावी.

आता मागणं. सर्वांत आधी आम्हाला वेळ हवा आहे. आठवड्यातून एकदा एका रुग्णाला फोन करायचा किंवा भेटायचं, गोळ्या किती उरल्या ते पाहायचं, काय त्रास होतो ते ऐकायचं आणि लिहून ठेवायचं. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपर्यंत पोहोचेल हे मंडळ पाहील. सल्ला द्यायचा नाही, डोस सुचवायचा नाही, फोनवर फिरणारे रामबाण उपाय तर मुळीच सांगायचे नाहीत. आधी प्रशिक्षण दिलं जाईल. कुणाला कोणता आजार आहे ही माहिती बाहेर जाता कामा नये. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी कृपया नाव देऊ नये. निवृत्त परिचारिका आणि औषधनिर्माते यांची विशेष गरज आहे. पंप नीट कसा ओढायचा, स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ का भरायची, इन्सुलिन कुठे ठेवायचं हे त्यांनी समोर बसून दाखवलं की लोकांच्या लक्षात राहतं.

पैशांची गरज आहेच. काही जण गोळ्यांचं पाकीट पुरवण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेतात. त्यांना औषध घेऊन देण्यासाठी निधी लागतो, आणि तो एकरकमी मोठा मिळण्यापेक्षा दरमहा थोडा मिळाला तर आम्हाला अधिक उपयोगी, कारण औषधही दरमहाच लागतं. वारांचे कप्पे असलेल्या गोळ्यांच्या डब्या आणि दंडावर बांधायची रक्तदाबाची यंत्रं चालू स्थितीत असतील तर आनंदाने घेऊ. ग्लुकोमीटर देणार असाल तर सोबत पट्ट्याही द्या. नुसती यंत्रं आमच्या कपाटात पडून आहेत.

घरात उरलेली औषधं मात्र आणू नयेत. ती कशी ठेवली होती हे आम्हाला कळत नाही, त्यामुळे सीलबंद असली तरी आम्ही ती कुणाला देत नाही. वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव, सोयीचे वार आणि येत असलेल्या भाषा नोंदवाव्यात. देणगीची पावती तिथेच मिळेल, आणि निधी कोणत्या औषधांवर खर्च झाला याचा हिशेब, रुग्णांची नावं वगळून, प्रत्येक देणगीदाराला पाहता येईल.