मधल्या ओट्याचा आराखडा पाहून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा काल मिळाला. पंधरा दिवसांत फरशीचं काम सुरू होणार असं तू लिहिलंयस, म्हणून उत्तर लांबणीवर टाकलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर कागद टेबलावर पसरला, पट्टी घेतली आणि तुझ्या स्वयंपाकघरात मनानेच फिरून आलो. खोली 12 बाय 14 फुटांची, भिंतीलगत दोन फुटी ओटा, आखूड भिंतीला फ्रीज आणि मधोमध 8 बाय 4 फुटांचं आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा. चित्र सुरेख दिसतं. पण अरे, एवढं मोठं आयलंड या खोलीत बसत नाही. आत्ता स्पष्ट सांगितलं नाही तर पुढे मलाच चैन पडणार नाही.

हिशेब तूच करून बघ. रुंदी 12 फूट, त्यातले दोन भिंतीच्या ओट्याने घेतले. उरले दहा. त्यातले चार आयलंडचे, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन फूट. कागदावर तीन फूट पुरेसे वाटतात. एकटा माणूस सरळ चालत गेला तर पुरतातही. पण स्वयंपाक करताना माणूस वाकतो, वळतो, ड्रॉवर ओढतो, पाठीमागून दुसरं कुणी जातं. एकट्याने स्वयंपाक करायचा असला तरी ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये साडेतीन फूट मोकळे लागतात. दोघं एका वेळी काम करणार असतील तर चार फूट. तुमच्याकडे तू आणि वहिनी दोघंही ओट्याशी असता, मला ठाऊक आहे.

आमच्या घरी काय झालं ते तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. आमची मधली वाट पावणेतीन फुटांची राहिली. काम करणारा म्हणाला, चालतं सगळीकडे, आणि मीही मान डोलावली. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी भांडी धुण्याच्या मशीनचं दार खाली उघडलेलं होतं. ते दार उघडलं की सव्वादोन फूट पुढे येतं, म्हणजे वाटेत जेमतेम सहा इंच उरले. ही उकळत्या पाण्याचं पातेलं शेगडीवरून सिंककडे घेऊन निघाली. समोर दार, मागे आयलंड. तिला वळता येईना आणि पातेलं खाली ठेवायला जवळ जागाही नाही. मी धावत जाऊन दार वर ढकललं. काही झालं नाही, पण त्या पातेल्यातून वर येणारी वाफ आणि तिची घट्ट आवळलेली बोटं मला अजून दिसतात. म्हणून तुला सांगतो, आधी मोकळी जागा आख. आयलंड त्यातून उरेल तेवढंच.

तसं आखलं तर तुझ्या खोलीत काय उरतं ते मी काढलं. रुंदीत 2 अधिक साडेतीन अधिक 3 अधिक साडेतीन, झाले 12. चार-चार फूट सोडले तर आयलंडला दोनच फूट उरतात, म्हणून साडेतीनवर थांबलो. लांबीत फ्रीजला अडीच फूट सोडले, त्याच्यापुढे दार पूर्ण उघडून उभं राहायला साडेतीन फूट, पलीकडच्या टोकाला जायला तीन. उरतात पाच. म्हणजे 5 बाय 3 फुटांचं आयलंड. आठ फुटांची स्वप्नं बघितल्यावर पाच ऐकायला बरं वाटत नाही, पण पंधरा चौरस फुटांचा मोकळा पृष्ठभाग म्हणजे खूप झाला. त्यावर पीठ मळता येतं, भाजी चिरता येते आणि त्याच वेळी एखादं मूल कोपऱ्यात वही उघडून बसू शकतं.

आता तुला न आवडणारी दुसरी गोष्ट. तू आयलंडमध्ये शेगडीही दाखवली आहेस आणि सिंकही. दोन्ही काढून टाक, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेगडी भिंतीला असते तेव्हा मागची भिंत वाफेला आणि तेलकट धुराला वर चिमणीकडे नेते. खोलीच्या मधोमध चारही बाजू उघड्या. पंखा लागला किंवा खिडकीतून झुळूक आली की धूर चिमणीखालून बाजूला सरकतो. मग चिमणी जास्त ओढीची घ्यावी लागते, शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच रुंद घ्यावी लागते, तिचा पाइप छतातून वळणं घेत न्यावा लागतो, आणि प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. त्यातून समोर स्टुलावर माणसं बसणार. शेगडीच्या मागे निदान नऊ इंच मोकळे सोडायचे असतात, कढईचे कान वाटेत यायला नकोत, फोडणी उडायला नको. तीन फुटांच्या रुंदीत हे सगळं बसवायचं म्हणजे बसणाऱ्याच्या समोरच आग.

सिंकचं दुखणं फरशीखाली असतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. आमचं सिंक उभ्या पाइपपासून नऊ फूट लांब होतं, म्हणजे नुसता उतारच सव्वादोन इंच. वर पाइपची स्वतःची जाडी दोन इंच. फरशीखाली जागा होती तीन इंच. मग उतार चोरला गेला. सहा महिन्यांत पाणी रेंगाळायला लागलं, पाइपमध्ये तेलाचा थर बसला आणि गुडगुड आवाज सुरू झाला. वासाचं कारण तर आणखी वेगळं निघालं. भिंतीजवळच्या सिंकला हवेचा पाइप भिंतीतून वर नेता येतो, मधल्या सिंकला तो नेणं अवघड. हवा मिळाली नाही की वेगाने जाणारं पाणी ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपात वास अडवायला साचून राहिलेलं, पाणीही ओढून नेतं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. शेवटी ते सिंक काढलं, भोकावर दगडाचा तुकडा बसवला. त्याचा सांधा आजही दिसतो. पण त्या दिवसापासून आमचं आयलंड खऱ्या अर्थाने वापरात आलं. कोरडा, सलग, रिकामा ओटा. घरात दुसरीकडे कुठेच एवढी मोकळी जागा नसते रे.

उंचीचं मात्र सावकाश ठरव. सगळे 36 इंच सांगतात, ती सरासरी आहे. वहिनींना ताठ उभं करून कोपर जमिनीपासून किती उंच ते मोज. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-कापण्याची उंची मिळते. पीठ मळायला त्याहून दोन-तीन इंच कमी बरी, कारण तिथे अंगाचा भार खाली द्यायचा असतो. आमच्याकडे हिचं कोपर 39 इंचांवर आहे, म्हणून आयलंड 34 इंचांचं केलं. भिंतीचा ओटा 36 इंचांचाच राहिला. त्या दोन इंचांनी तिचे खांदे दुखायचे थांबले. तू उंच आहेस, तुझं कोपर वेगळं येईल. जास्त वेळ कोण उभं राहतं त्यावरून ठरवा, आणि प्रामाणिकपणे ठरवा.

बसायला पाच फुटांत दोघंच घ्या. माणशी दोन फूट लागतात, तिसऱ्याला कोंबलं की कोपरं एकमेकांना लागतात. गुडघ्यांसाठी दगड पुढे पंधरा इंच काढावा लागेल. आयलंडची रुंदी तीन फूट म्हणजे 36 इंच, त्यातून हे पंधरा गेले की खालची कपाटं 21 इंच खोल होतील. ड्रॉवरला तेवढी खोली भरपूर होते. पण पंधरा इंच दगड नुसता अधांतरी सोडू नकोस. 20 मिमी जाडीचा दगड एवढा लटकत ठेवला आणि कुणी टेकून जोर दिला की तडा जातो. खाली लोखंडी जाड पट्ट्या घालून त्या कपाटाच्या सांगाड्याला घट्ट बसवायला सांग, आणि सांगाडा फरशीला. स्टुलाची बैठक ओट्याच्या पृष्ठभागापेक्षा दहा ते बारा इंच खाली असावी. 34 इंचांच्या ओट्याला 24 इंचांचं स्टूल बरोबर बसतं. स्टुलांच्या बाजूला दगडाच्या कडेपासून भिंतीपर्यंत 36 इंच असतील तर अंग चोरून जाता येतं, सहज जायला 44 लागतात. तुझ्याकडे 42 येतात. ठीक आहे.

काकूंचा विचार मात्र आराखड्यात दिसला नाही. त्यांचे गुडघे बघता त्या उंच स्टुलावर चढणार नाहीत, आणि स्वयंपाकघरात सगळे जमलेले असताना त्यांनी बाहेरच्या खोलीत एकटं बसावं हे तुलाही आवडणार नाही. फ्रीजच्या विरुद्ध टोकाला, 29 इंच उंचीवर, आयलंडमधून सरकून बाहेर येणारी एक फळी करून घे. साधी खुर्ची पुढे ओढली की त्यांना तिथे शेंगा सोलत, बोलत बसता येईल. काम झालं की फळी आत.

आतल्या रचनेत एकाच गोष्टीचा आग्रह धरतो. दारांची कपाटं नकोत, सगळे ड्रॉवर कर, पूर्ण बाहेर येणारे. कपाटात मागचं भांडं काढायला गुडघ्यांवर बसावं लागतं. आणि जिथे चिरणार, त्याच्या बरोबर खाली कचऱ्याच्या डब्याचा ड्रॉवर दे. मी रोज सकाळी सुरीच्या पाठीने साली पाटावरून सरळ खाली लोटतो, मांडीने ड्रॉवर बंद करतो. हात मळत नाहीत, फरशीवर थेंब पडत नाही. सबंध आयलंडमध्ये मला सगळ्यात लाडकी तीच गोष्ट आहे.

दगडाबद्दल तू विचारलं होतंस. संगमरवर दिसतो फार देखणा, पण लिंबाचा थेंब पडला की तिथली झिलई जाते आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. क्वार्ट्झमध्ये दगडाची पूड राळेत बांधलेली असते. डाग धरत नाही, पण शेगडीवरून उतरलेलं भांडं थेट ठेवलं की राळ भाजून खूण उठते. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, फक्त अधूनमधून सीलर, म्हणजे डाग मुरू न देणारा लेप, लावत राहा. मी ग्रॅनाइट घेईन, चकचकीत पॉलिशऐवजी मंद झिलईचा. त्यावर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यात येत नाही. 5 बाय 3 चा तुकडा एकाच स्लॅबमधून निघतो, सांधा नाही, हाही लहान आयलंडचा फायदाच. कोपरे दोन इंचांच्या गोलाईने घासून घे. आमचे पहिले वर्षभर टोकदार होते आणि हिच्या कमरेच्या हाडावर सतत एक निळा डाग असायचा. एक बरा झाला की दुसरा.

देखणेपण म्हणशील तर दारातून आत येताना काय दिसतं ते बघ. दिसते स्टुलांची बाजू आणि एक टोक. चांगलं लाकूड, मनासारखा रंग तिथे लाव. दगड दोन्ही टोकांना खाली जमिनीपर्यंत उतरवायची कल्पना मला पटत नाही. दगड दुप्पट लागतो आणि काकूंच्या फळीची जागाही जाते. स्टुलांच्या बाजूला तळाशी चार इंच दगडाची पट्टी लाव, बुटांनी आणि पायांनी तिथला रंग पहिल्यांदा उडतो. काम करायच्या बाजूला तळाशी तीन इंच आत गेलेली खाच हवीच, नाहीतर पावलं अडतात आणि माणूस पुढे वाकूनच उभा राहतो. दिवे दोन, ओट्यापासून 30 ते 36 इंच वर, उबदार प्रकाशाचे.

हे लिहिताना फ्रँकफर्ट किचन आठवलं. 1926 मध्ये ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी ते जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी आखलं, साधारण 1.9 बाय 3.4 मीटरच्या अरुंद खोलीत, प्रत्येक पाऊल वाचावं म्हणून. आपण आज ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. पण त्या खोलीत एकच बाई मावायची, तीही भिंतीकडे तोंड करून. आपल्याला आयलंड हवं ते चिरता चिरता समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून. पावलं वाचवायची तिची शिस्त तेवढी घेऊ या.

आता घाईच्या गोष्टी. वीज फरशीखालून येणार, म्हणजे पाइप फरशीआधीच टाकावा लागेल. दोन टाक, एकात तार ओढून घे आणि दुसरा नुसती ओढतार (नंतर वायर ओढून घ्यायची तार) घालून रिकामा ठेव, पुढे उपयोगी पडतो. सॉकेट आयलंडच्या कुशीला खाली नको. वरून लोंबणारी वायर लहान मूल ओढतं आणि गरम किटली त्याच्या अंगावर येते. ओट्यातून वर उचलता येणारं सॉकेट घे, आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर त्या लाइनवर असल्याची खात्री स्वतः कर.

आणि उद्याच एक कर. रंगाऱ्याकडून कागदी चिकटपट्टी घे, कोऱ्या जमिनीवर भिंतीचा ओटा, फ्रीज आणि 5 बाय 3 ची चौकट आख. चौकटीवर रिकामी खोकी 34 इंचांपर्यंत रच. फ्रीजच्या दाराएवढा पुठ्ठा कापून उघडून बघ. तू, वहिनी आणि काकू तिघं एकाच वेळी आत या, हातात भरलेलं पातेलं घेऊन इकडून तिकडे जा. जिथे कुणाला थांबावं लागेल तिथे खडूने खूण कर. मग पाच फूट पुरतात की साडेचार करायचे, ते तिथेच कळेल.

खुणांचा फोटो आणि वहिनींच्या कोपराचं माप मला रविवारपर्यंत पाठव. मी नवा आराखडा काढून सोमवारी धाडतो. तोवर फरशीवाल्याला काम सुरू करू देऊ नकोस.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र