डॉक्टर, तुम्ही बाबांशी बोललात

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स.न.वि.वि.

ऑपरेशनसाठी आभार मानायचेच आहेत, पण ते नंतर.

गाठ लिव्हरच्या पहिल्या भागात, म्हणजे पार मागे. समोर लिव्हरमध्ये शिरणाऱ्या रक्तवाहिन्या, पाठीशी हृदयाकडे जाणारी महाशीर. तुमच्याआधी ज्यांना दाखवलं त्यांनी फिल्म उजेडाला धरली, ‘जागा वाईट आहे’ म्हणाले आणि मला बाहेर बोलावून ‘आता सेवा करा’ असं सांगितलं. दार उघडंच होतं. बाबांच्या कानांना काही झालेलं नव्हतं!

तुम्ही स्क्रीन बाबांकडे वळवलीत. लिव्हरचे 8 भाग बोटाने दाखवलेत आणि मग म्हणालात, “काका, आता तुम्ही मला समजावून सांगा.”

किती दिवस गप्प असलेला माणूस खुर्चीत सरसावून बसला. “गाठ मागच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीची भिंत म्हणजेच ती मोठी शीर.”

“भिंत नाही. गाठ शिरेला खेटून आहे, आत घुसलेली दिसत नाही. म्हणून तर हात घालतोय.”

मग बाबांनी रक्ताचं विचारलं. लिव्हरकडे येणारं रक्त चिमट्यात धरून साधारण 15 मिनिटं थांबवायचं, 5 मिनिटं वाहू द्यायचं, पुन्हा धरायचं. प्रिंगल नावाच्या सर्जनने ही युक्ती 1908 मध्ये मांडली, असं तुम्ही सांगितलंत. “मग आता हात बसला असेल,” बाबा म्हणाले. तुम्ही हसलात, पण लगेच हेही सांगितलंत की या चिमट्याने मागचं रक्त थांबत नाही; गाठीच्या भागातून थेट महाशिरेत उतरणाऱ्या बारीक, नाजूक शिरा एकेक बांधून तोडाव्या लागतात, आणि खरा धोका तिथे आहे. हे त्यांच्या तोंडावर सांगितलंत. सही करताना बाबांचा हात थरथरला नाही. माझा थरथरला.

निष्णात हात पुष्कळांकडे असतील. पण पेशंटला कळतं हे धरून चालणारी माणसं मला तरी कमीच भेटली.

आता बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर लिव्हर काढून दाखवतात, चहा निवतो तरी सोडत नाहीत. पुढच्या स्कॅनला येऊ तेव्हा वेळ जरा जास्त ठेवा. प्रश्नांची यादी सुरू झाली आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी