येत्या फेब्रुवारीत ओडिशात या

भुवनेश्वर,
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या बुधवारी त्रिपुरी पौर्णिमेला तुम्ही गुहागरला देवळात त्रिपूर लावत असाल, त्याच दिवशी भल्या पहाटे मी इथे बिंदुसागर तलावाच्या काठी उभी होते. ओडिया माणसे या दिवशी केळीच्या सोपटाच्या आणि कागदाच्या होड्या करून, त्यांत दिवा आणि विडा ठेवून त्या पाण्यात सोडतात. वारे फिरले की कलिंगाचे व्यापारी याच सुमारास जावा, बाली, सुमात्राकडे निघत, त्यांची ही आठवण आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आलेले बाबा या गर्दीत शेजारी असायला हवे होते, असे मला सारखे वाटत राहिले आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतले.

सहा वर्षे मी तुम्हाला इकडे बोलावते आहे आणि सहा वर्षे तुम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणता आहात. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आता होऊन गेली आहे आणि डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असे सांगितले आहे. म्हणून या वेळी नुसते आमंत्रण न देता कुठे जायचे आणि कुठे जायचे नाही, हे सगळे ठरवूनच लिहिते आहे.

बाबा, मागे तुम्ही मला वर्तमानपत्राचे एक कात्रण पाठवले होते. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या परांवर धातूचे बिल्ले होते आणि ते बिल्ले तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर लावलेले निघाले. पूर्व किनाऱ्याची कासवे श्रीलंकेपर्यंत जातात हे ठाऊक होते, पण त्याला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून कोकणात कोणी येत असेल, याची अभ्यासकांनाही कल्पना नव्हती. तुम्ही कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते, "तुझ्या गावाहून पाहुणी आली." तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, की ती ज्या किनाऱ्यावरून निघाली त्या किनाऱ्यावर तुम्ही एकदा यावे.

गहिरमाथ्याची वाट लांबची आणि अवघड आहे, म्हणून मी तुम्हाला गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी नेणार आहे. तिथेही हीच कासवे येतात. आपल्याकडे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात तेव्हा कुठे एखादे घरटे सापडते. इथे कासवे एकदम झुंडीने विणीला येतात, त्या काही रात्रींत वाळूवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. या वर्षी फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्येला साडेसहा लाखांहून अधिक घरटी मोजली गेली, आणि त्यांतली एक रात्र मी वनखात्याच्या दोरीच्या अलीकडे उभी राहून पाहिली आहे. आधी काळोखात ओलसर पाठी चमकताना दिसतात, मग परांनी उडवलेली वाळू अंगावर येते. अंडी घालून झाली की कासवीण खड्डा बुजवते आणि सगळे अंग डाव्या-उजव्या बाजूला आपटून वाळू दाबून बसवते. असंख्य कासविणी एकाच वेळी हे करत असताना येणारा तो दबका धपधप आवाज मला कोणत्याच शब्दांत तुम्हाला ऐकवता येणार नाही. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पिल्लांचे तोंडही न पाहता पाण्यात परतते. आई, हे पाहताना मला रडू आले होते.

शेजारच्या गावांतील लोक या दिवसांत समुद्राकडचे दिवे बंद ठेवतात, कारण पिल्ले उजेडाकडे धावतात आणि दिवा दिसला तर समुद्राऐवजी वस्तीकडे वळतात. नदीमुखांजवळच्या समुद्रात १ नोव्हेंबरपासून ३१ मेपर्यंत मासेमारीला बंदी असते. सात महिने होडी काठावर ठेवणे म्हणजे काय, हे बंदरावर आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको. कासवे जगतात त्यात या कोळ्यांचा त्यागही मोजला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कासवे नेमकी कोणत्या रात्री येतील हे कोणीही सांगू शकत नाही आणि काही वर्षी ती सामूहिक विणीला येतच नाहीत. तुमच्या मुक्कामात ती आली नाहीत, किंवा वनखात्याने जवळ जाऊ दिले नाही, तर आपण नदीच्या मुखाशी बसून परत फिरू.

त्याच वाटेवर चिलिका आहे आणि तिथे मी दोन पूर्ण दिवस ठेवले आहेत. आशियातील हे सर्वांत मोठे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर असून पावसाळ्यात ते अकराशे चौरस किलोमीटरच्याही वर पसरते. १९८१ मध्ये रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेल्या भारतातील पहिल्या दोन जागांपैकी हे एक आहे. मात्र पुढे गाळाने समुद्राकडचे मुख चोंदत गेले, पाण्याचा खारेपणा उतरला, वनस्पती माजल्या आणि मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदून समुद्राचे पाणी पुन्हा आत घेतले, तेव्हा मासळी परतली. खाडीकाठच्या माणसाला हे लगेच कळेल, कारण भरती-ओहोटीचे पाणी खेळते राहिले नाही की खाडी मरते, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवले होते.

सातपाड्याला इरावती डॉल्फिन दिसतात. त्यांना लांब चोच नसते, डोके बोथट आणि गोल असते, आणि ते उंच उडी न मारता पाठ दाखवून पुन्हा खाली जातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार-पाच यांत्रिक होड्या एका डॉल्फिनच्या मागे लागल्या होत्या, त्यांत आमचीही होती, आणि त्याचे वाईट मला अजून वाटते. आता मी होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगते की दुरून इंजिन बंद कर आणि थांब. माझे मत विचाराल तर चिलिकाचे खरे सुख मंगलाजोडीला आहे. या गावातील अनेक जण पूर्वी पक्ष्यांची शिकार करत, आज तेच लोक पक्ष्यांची राखण करतात आणि बांबूने ढकलायच्या होडीतून पाहुण्यांना दाखवून आणतात. इंजिनाचा आवाज नसल्याने चक्रवाक, तलवार बदक, थापट्या होडीच्या अगदी जवळ निर्धास्त चरत असतात. आईला होडीत खाली बसावे लागू नये म्हणून मी बुटके स्टूल बरोबर घेणार आहे.

पुरीसाठी तीन दिवस आहेत, कारण आजीचे राहिलेले जगन्नाथाचे दर्शन आईला घाईत घडवायचे नाही. सिंहद्वारातून आत गेल्यावर बावीस पायऱ्या आहेत. आई, त्या आपण मध्ये थांबत थांबत चढू. दर्शनानंतर आनंदबाजारात मातीच्या मडक्यांतला महाप्रसाद घेऊ. त्यात कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो काहीच नसते आणि सगळे जण एकत्र बसून तो खातात. संध्याकाळी सेवक कळसापर्यंत चढून ध्वज बदलतो, तेही पाहू. समुद्रात मात्र गुडघ्यापलीकडे जायचे नाही, कारण पुरीच्या लाटा आपल्यासारख्या पायांशी येऊन विरत नाहीत, त्या ओढतात.

बाबा, सिंहद्वारासमोर एक उंच अरुणस्तंभ आहे, तिथे तुम्ही नक्की रेंगाळाल. तो मूळचा कोणार्कचा असून अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात पुरीला आणला गेला. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि देवगावच्या तहाने तो त्यांच्या हातून गेला. तुम्ही मला नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख दाखवला होता ना? भुवनेश्वरजवळ उदयगिरीवर हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेख आहे आणि त्यात, सातवाहन राजा सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठवले, असे तो राजा सांगतो. तो लेख तुमच्याबरोबर पाहायचा म्हणून इतकी वर्षे इथे राहूनही मी एकटी तिथे गेलेली नाही.

पुरीहून कोणार्कला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने, सुरूच्या बनातून जातो. २०१९ च्या फणी वादळात इथली असंख्य झाडे पडली होती, तिथे पुन्हा हिरवे दिसू लागले आहे. तेराव्या शतकात नरसिंहदेवाने बांधलेल्या सूर्यमंदिराची चोवीस चाके सकाळच्या तिरप्या उन्हात पाहायची, म्हणून आपण आधी जवळच्या चंद्रभागा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्योदयाला जाऊ. जन्मभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेल्या तुम्हा दोघांना तो पाण्यातून वर येताना मला दाखवायचा आहे. रथसप्तमीला तिथे फार मोठी यात्रा भरते, ती टाळण्यासाठीच मी फेब्रुवारी म्हणते आहे.

सिमिलीपालचे जंगल मी यादीतून काढले आहे, तिथले रस्ते आईला सोसणार नाहीत. भितरकनिकाच्या कांदळवनाचा निर्णय तुम्ही इथे आल्यावर घेऊ. तिथे बसल्या जागेवरून, होडीतूनच खाऱ्या पाण्यातील मगरी दिसतात, पण भुवनेश्वरहून गाडीचा प्रवास लांबचा आहे.

जेवणाची काळजी नको. चिलिकाची कोळंबी आणि खेकडे बाबांना आवडतील, मोहरीच्या वाटणातले मासे पहिल्या घासाला नाकात जातात आणि दुसऱ्यापासून आवडू लागतात. आईसाठी दालमा, म्हणजे डाळ आणि भाज्या एकत्र शिजवून केलेले कालवण, मी स्वतः करीन.

दादाकडे पुण्याला दोन दिवस राहून कोणार्क एक्सप्रेसने या. दीड दिवसाचा प्रवास आहे, पण शेवटी गाडी बराच वेळ चिलिकाच्या काठाने येते, तेव्हा त्या बाजूची खिडकी धरून बसा. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून १२ फेब्रुवारीचे तिकीट मला डिसेंबरच्या मध्यावर काढावे लागेल. त्याआधी दादाशी बोलून खालचे दोन बर्थ हवेत एवढे मला कळवा. आईच्या गोळ्या महिनाभराच्या आणा. आणि बाबा, तुमची जुनी दुर्बीण आठवणीने घ्या, मंगलाजोडीला ती लागेल.

तुमची,
मीनल