टाकीतले पाणी पावसाळ्याचे, दोष मात्र थंडीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेतील बाष्पाचे थंडीत पाणी होऊन ते पेट्रोलमध्ये उतरते, म्हणून टाकी सदैव भरलेली ठेवावी, असा सल्ला पुण्यात गारठा पडला की हमखास ऐकू येतो. सल्ला वाईट नाही. पण त्यामागचे गणित कोणी मांडून पाहत नाही. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना साधारण साडेनऊ. म्हणजे टाकीत ३० लिटर जागा रिकामी असली आणि हवा अगदी दमट धरली, तरी एका रात्रीत सुटणारे पाणी जेमतेम पाव ग्रॅम, म्हणजे चार-पाच थेंब. आपल्याकडची डिसेंबरची कोरडी हवा पाहता तेवढेही सुटणे कठीण.

मग पाणी येते कुठून? आमची बारा वर्षांची गाडी गेल्या हिवाळ्यात सकाळी चार-चारदा सेल्फ मारूनही धड सुरू होईना, आणि झालीच तर मिसिंग करी. मिस्त्रीने टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ती उन्हात धरली, तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा निराळा थर स्पष्ट दिसला. बरणी कलती केली की तो वरच्या पेट्रोलपासून अलग सरकत होता. टाकीच्या झाकणाचे रबरी वॉशर एका बाजूने चिरलेले निघाले. गाडी सबंध पावसाळा उघड्यावर उभी होती आणि दर पंधरवड्याला वॉशिंग सेंटरवर तिच्यावर जोराचा फवारा मारला जात होता, हे तेव्हा आठवले.

पावसाळ्यात शिरलेले पाणी डिसेंबरात का त्रास देते, याचे उत्तर इथेनॉलमध्ये आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी स्वतःत सामावून घेते. १० टक्के मिश्रणात १५ अंशांना आकारमानाच्या सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, २० टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून अधिक. परंतु तापमान उतरले की ही क्षमता घटते, आणि पाषाण-शिवाजीनगरचा पारा पहाटे १० अंशांच्या आसपास घसरला की जेमतेम विरघळून राहिलेले पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन तळाशी बसते. गाडीतला इंधनपंप तळातूनच ओढत असल्याने इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. टाकी भरलेली असण्याचा खरा फायदा इथे आहे: तेवढेच पाणी ३५ लिटरांत सहज जिरते, पाच लिटरांत जिरत नाही.

लेहसारख्या ठिकाणी इंधनाच्या नळीत पाणी गोठते. पुण्यात ती भीती नाही. त्यामुळे थंड मुलखांसाठी बनवलेल्या ‘पाणी घालवणाऱ्या’ बाटल्या इथे विकत घेणे मला तरी व्यर्थ वाटते. त्यांत बहुधा अल्कोहोलच असते, आणि ३५ लिटरांच्या भरलेल्या टाकीत सात लिटरांच्या घरात इथेनॉल आधीच आहे. त्या पैशांत दिवाळीच्या सुमारास झाकणाचे वॉशर बदलून घ्यावे. थर एकदा वेगळा झाला असेल, तर टाकी उपसण्यावाचून इलाज नाही.

डिझेल गाडीत फिल्टरलाच पाणी वेगळे करणारा भाग असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याचा दिवा डॅशबोर्डवर लागतो. तो लागलेला असताना ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणून दामटू नये, कारण इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला वंगण डिझेलचेच असते, पाण्याचे नव्हे.

पंपचालकांना एक विनंती. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का, हे पट्टीला पेस्ट लावून तपासता येते. पेस्टचा रंग बदलतो. मुसळधार पावसानंतर ही तपासणी कोणी ग्राहकाने समोर करून मागितली, तर ‘सकाळीच झाली’ असे सांगून त्याची बोळवण होऊ नये. मला गेल्या सप्टेंबरात हेच उत्तर मिळाले होते.

— एक वाचक, कोथरूड, पुणे