मेडिकलवाल्या ताई, तुमचे मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

दुकानात गर्दी असते आणि तुमच्याशी बोलायला लागले की माझं भरून येतं म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते अजून कितीतरी आयांना कळायला हवं.

आमचा लेक सात वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलणं अगदी मोजक्या शब्दांचं. डोकं दुखतंय, तोंड कोरडं पडलंय, भीती वाटतेय हे त्याला सांगता येत नाही, जे काय असेल ते वागण्यातूनच बाहेर येतं. आणि चिपळूणचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगू, भिंतींना ओल, कपाटात बुरशी, गोधड्या वाळत नाहीत, जून लागला की याचं नाक जे वाहायला लागतं ते पार नवरात्रापर्यंत. त्यासाठी माँटेलुकास्ट आणि लिवोसेट्रिझिन ही ॲलर्जीची दोन औषधं एकत्र असलेलं सिरप रात्रीचं सुरू झालं, आपल्याकडे तर ते घरोघरी असतं. शिंका थांबल्या पण रात्री किंचाळत उठायला लागला, मग झोपच नाही, दिवसभर चिडचिड, आणि हात चावणं, डोकं आपटणं हे जे थेरपीने बंद झालं होतं ते सगळं परत सुरू. कुणी म्हणालं शाळा सुरू झाली म्हणून, कुणी म्हणालं नजर लागली, आणि बाकी सगळ्यांचं एकच, "अशा मुलांचं असं असतंच."

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मी दुसरी बाटली घ्यायला आले तेव्हा तुम्ही ती माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलंत, "झोपतो का नीट?" एवढंच. आणि मग मागे रांग लागलेली असताना पुढचं विचारत गेलात, हे सगळं कधीपासून, सिरप कधी सुरू केलं, अजून कुठली औषधं चालू आहेत. त्याला रिस्पेरिडोन, म्हणजे ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी देतात ते औषध, चालू आहे हे ऐकल्यावर सांगितलंत की त्याने आधीच सुस्ती येते, वर सिरपमधल्या लिवोसेट्रिझिनसारखं झोप आणणारं अँटीहिस्टामाइन (ॲलर्जीचं औषध) दिलं की ती अजून वाढू शकते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहिती असलीच पाहिजेत. आणि खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उलगडून दाखवलात. भयानक स्वप्नं, झोप न लागणं, आक्रमकपणा, उदासी, सगळं माँटेलुकास्टखाली लिहिलेलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 साली याच कारणासाठी त्या औषधावर सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग टाकली आणि नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला शक्यतो दुसरं औषध आधी वापरा असं सांगितलं, हे मला तुमच्याकडून कळलं. बहुतेक मुलांना ते सोसतं हेही तुम्हीच सांगितलंत, आणि दम्यासाठी चालू असेल तर आपल्या मनाने अजिबात बंद करायचं नाही हे तर दोनदा बजावलंत.

मला सगळ्यात जास्त भावलं ते म्हणजे तुम्ही डॉक्टर झाला नाहीत. "माझ्या सांगण्यावर बंद करू नका, आजच फोन करा" म्हणालात आणि चिठ्ठीवर तारखा लिहून दिल्यात, औषध कधी सुरू, किंचाळणं कधी सुरू, चावणं कधी सुरू. त्या तारखा समोर होत्या म्हणून डॉक्टरांनीही लगेच मनावर घेतलं. त्याला दमा नाही, फक्त नाकाचीच ॲलर्जी, तेव्हा माँटेलुकास्ट बंद केलं आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे, नाकातली सूज कमी करणारा मोमेटासोनचा स्प्रे आणि लागेल तेव्हाच फेक्सोफेनाडिन हे कमी झोप आणणारं ॲलर्जीचं औषध असं ठरलं. झोप हळूहळू परत आली, चावणं कमी व्हायला जास्त वेळ लागला पण कमी झालं.

आणि नंतरचं तर वेगळंच, कारण औषध लिहून देणं आणि आमच्या लेकाच्या नाकात स्प्रे जाणं यात खूप अंतर आहे. आधी मिळालेल्या एका स्प्रेला फुलांसारखा वास होता, तो उघडला की हा घरभर पळायचा, हे मी डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मोमेटासोन लिहिलं आणि तुम्ही त्यातला बिनवासाचा शोधून दिलात. मान थोडी खाली, नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने, नाहीतर रक्त येतं हे करून दाखवलंत. चित्रांची कार्डं करायची कल्पनाही तुमचीच, आधी बाबांचं नाक, मग त्याचं नाक, मग झोका. आता तो स्वतः कार्ड आणून देतो! फेक्सोफेनाडिन ज्यूसबरोबर द्यायचं नाही, संत्र्या-सफरचंदाच्या रसाने ते अंगात नीट शोषलं जात नाही, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही ज्यूसमधूनच दिलं असतं कारण हा बाकी सगळी औषधं तशीच घेतो. सर्दीचं क्लोरफेनिरामिनवालं सिरप मागितलं तेव्हाही थांबवलंत, त्याने काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट जास्तच उड्या मारतात आणि शौचाला कडक होतं, आणि याला तो त्रास आधीच आहे.

अजून एक, जे फार लोकांना माहितीच नाही. औषधाचा असा त्रास झाला तर पेशंटचे घरचेसुद्धा सरकारला कळवू शकतात, 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे. तुम्ही माझ्याबरोबर बसून तो फॉर्म भरलात, बॅच नंबरसकट, दुकान बंद करायची वेळ होऊन गेली होती तरी. त्यातून पुढे काय होईल ते होवो, पण माझ्या लेकाला झालेला त्रास कुठेतरी नोंदला गेला, "असं असतंच" म्हणून सोडून दिला गेला नाही, याचं मला किती बरं वाटलं ते मी तोंडाने नाही सांगू शकत.

ताई, गणपतीत घरी यायचंच आहे, मुलांना आणि सासूबाईंना पण घेऊन या. आरतीचा आवाज याला सोसत नाही म्हणून आम्ही टाळ वाजवत नाही, हळू म्हणतो, तेवढं चालवून घ्या. उकडीचे मोदक करणार आहे.

तुमची,
सिरपवाल्या मुलाची आई